जुन्या डिझेल जीपची ताकद वाढवायची तर आधी हवा, मग डिझेल

"चढावर गाडी मरते, पंप जरा वाढवून द्या." देवरुखपासून कुडाळपर्यंत कुठल्याही डिझेल गॅरेजात तासभर बसलात तर हे वाक्य कानावर पडेलच. मिस्त्री डिझेल पंपावरचा, इंजिनात किती डिझेल जाईल ते ठरवणारा स्क्रू फिरवतो. काम थोड्या वेळाचं, खर्च किरकोळ, आणि गाडी खरोखर पळू लागते. मागून काळा धूर निघतो, तो पाहून मालकाला बरंच वाटतं. मग एखाद्या मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या भरून घाट चढताना, रेडिएटर उकळतो आणि हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, जातं. त्या स्क्रूपासून हेड जाण्यापर्यंत इंजिनाच्या आत काय घडतं, ते कळलं की ताकद वाढवायचा योग्य रस्ताही दिसतो.

आपल्याकडच्या जुन्या फोर बाय फोर म्हणजे मुख्यतः महिंद्राच्या एमएम 540, एमएम 550, मेजर, जुनी बोलेरो आणि 2010 साली आलेली पहिली थार. त्या थारमध्ये एकाच नावाखाली दोन इंजिनं मिळायची. दोन्ही साधारण अडीच लिटरची. पण डीआय (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन 63 हॉर्सपॉवरचं आणि सीआरडीई (संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणारं) 105 हॉर्सपॉवरचं. आकार सारखा, तरी ताकद दीडपटीहून जास्त. म्हणजे ताकद फक्त इंजिनाच्या आकारात नसते. त्यात किती हवा भरता येते, त्या हवेत डिझेल किती नीट जळतं आणि निर्माण झालेली उष्णता किती सोसवते, यावर ती ठरते.

त्याआधी एक हिशेब करून पाहू, कारण तो केला की अर्ध्या लोकांचा खर्च वाचेल. सामानासकट 1800 किलोची जीप धरा. रस्ता बारा मीटरला एक मीटर चढणारा, वेग ताशी 30 किलोमीटर. गाडी वर उचलायला आणि टायरांचा विरोध मोडायला चाकांपाशी साधारण 20 हॉर्सपॉवर लागते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि डिफरन्शियलमध्ये काही ताकद खर्च होते, म्हणून इंजिनाकडून 24 च्या आसपास हवी. फक्त 24! आणि तुमच्या जुन्या जीपच्या कागदावर साठच्या आसपासचा आकडा आहे. मग ती मरते का?

कारण साठचा आकडा इंजिन पूर्ण वेगात असतानाचा आहे. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क (फिरवायचा जोर) गुणिले इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या. जुनं इंजिन 120 न्यूटन मीटर टॉर्क देत असेल, तर 1400 फेऱ्यांना त्याचे जेमतेम 24 हॉर्सपॉवर होतात. तोच टॉर्क 2200 फेऱ्यांना सुमारे 37 होतो. तिसऱ्या गिअरवर कण्हत चाललेली जीप अगदी काठावर असते. वळण आलं, चढ थोडा वाढला, की संपलं. दुसऱ्यावर टाकली की तीच गाडी आरामात चढते. घाटात वेळेवर गिअर उतरवणं हा काही ड्रायव्हरना कमीपणा वाटतो, आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं, कारण सगळा भार शेवटी क्रँकच्या बेअरिंगांवर येतो.

मोठ्या टायरांचंही इथेच कळतं. जीप उंच दिसावी म्हणून 28 इंचाच्या जागी 31 इंचाचे टायर लावले जातात. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, म्हणजे त्याच वेगाला इंजिन दहा टक्के हळू फिरतं. वरच्या हिशेबात 1400 च्या जागी 1260 फेऱ्या, आणि हाताशी 21-22 हॉर्सपॉवर. आधी चढायची ती गाडी आता चढत नाही. मालक म्हणतो इंजिन थकलं. इंजिन होतं तसंच आहे, गिअरिंग बिघडलंय. अशा गाडीला कंपनीच्या मापाचे टायर परत लावणं, किंवा मोठे टायर ठेवायचेच असतील तर त्यांना जुळणारे क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी चाकं) बसवणं, हा इंजिनाला हात न लावता होणारा इलाज आहे. पाणंदीत, चिखलात, चिऱ्याच्या खाणीच्या उतारावर तर लो गिअर आहेच. ट्रान्सफर केसचा लो गिअर चाकांवरचा जोर सुमारे अडीचपट करतो. कुठलाही टर्बो इतकं देत नाही.

आता समजा गिअरिंग ठीक आहे आणि तरी गाडी ओढत नाही. मग पहिला प्रश्न असा विचारायचा की कंपनीने दिलेली ताकद तरी आज शिल्लक आहे का. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत ती हळूहळू झिरपून गेलेली असते आणि मालकाला कळतही नाही.

कोकणात ती झिरपायच्या वाटाही खास आहेत. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टरमध्ये बसते. जुन्या जीपांना ऑइल-बाथ फिल्टर असतो, त्यातलं ऑइल महिनोन्महिने बदललं जात नाही आणि खाली तांबड्या चिखलाचा थर तयार होतो. पावसाळ्यात डिझेलच्या टाकीत दमट हवा शिरते, पाणी सुटतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज फिल्टर चोंदवतो. खाऱ्या वाऱ्याने ब्रेकच्या ड्रममधले भाग गंजून अडकतात आणि चाक कायम थोडं घासत राहतं. सपाट जागी न्यूट्रलवर गाडी ढकलून पाहा, दोन माणसांना जड जात असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. सायलेन्सर आतून काजळीने अर्धा बुजलेला असतो. क्लच घसरत असतो, म्हणजे इंजिन वेग घेतं पण गाडी घेत नाही.

एवढं तपासून झालं की पंप आणि नॉझल बेंचवर नेऊन कॅलिब्रेट करून घ्यायचे. नॉझल झिजलं की डिझेल धुक्यासारखं फवारलं न जाता थेंबाथेंबाने पडतं. थेंब पूर्ण जळत नाहीत, धूर होतो, पिस्टनचा माथा एकाच जागी तापतो. त्याबरोबर इंजेक्शनचं टायमिंग आणि व्हॉल्व्हची फट बघायची, आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेवर पडणारा दाब, मोजायचं. कॉम्प्रेशनचा आकडा कमी असण्यापेक्षा चौघांत मोठा फरक असणं जास्त वाईट. तसं दिसलं तर ताकद वाढवायचा विषय बाजूला ठेवून आधी इंजिनाचं काम करावं. ऑइल खाणाऱ्या, निळा धूर टाकणाऱ्या इंजिनाला टर्बो लावू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

बऱ्याच गाड्यांचा प्रवास इथेच थांबू शकतो, आणि थांबावा. ज्यांना रोज वजन ओढायचंय, ट्रॉली न्यायची आहे किंवा घाटमाथ्यावर नेहमी जावं लागतं, त्यांच्यासाठी पुढचं.

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर हवेची वाट उघडतो. डिझेलमध्ये हवा प्रत्येक वेळी जेवढी मावेल तेवढी आत येते आणि ॲक्सिलरेटर फक्त डिझेल कमी-जास्त करतो. आत आलेली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती कित्येकशे अंश तापते, त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरमध्ये मिसळायला वेळ फार थोडा मिळतो, त्यामुळे प्रत्यक्षात अठरा-वीस किलो हवा असावी लागते. त्याखाली गेलं की काळा धूर.

अडीच लिटरचं साधं, टर्बो नसलेलं इंजिन 2000 फेऱ्यांना मिनिटाला साधारण 2100 लिटर हवा ओढतं. वजनात ती जवळपास 2.4 किलो. वीसास एक या प्रमाणात त्यात 120 ग्रॅम डिझेल नीट जळेल. त्यातून मिळणारी ताकद 35 हॉर्सपॉवरच्या आसपास. ही त्या इंजिनाची त्या वेगाची मर्यादा आहे, आणि ती पंपाने घातलेली नाही, हवेने घातलेली आहे.

कोकणाची हवा इथे दोन्ही बाजूंनी बोलते. समुद्रसपाटीला हवा दाट असते, हा फायदा. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे, तिथे पोचेपर्यंत हवा सहा-सात टक्के विरळ होते. सावंतवाडीत ठणठणीत वाटणारी गाडी घाटाच्या शेवटच्या वळणांवर थोडी ढिली पडते त्यात हेही एक कारण आहे. उलट मे महिन्यातली किनाऱ्यावरची हवा गरम आणि ओलसर. 35 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर हवेत चार टक्क्यांहून जास्त जागा पाण्याच्या वाफेने व्यापलेली असते. तेवढा प्राणवायू कमी. म्हणून त्याच स्क्रूवर पौषात स्वच्छ चालणारी जीप वैशाखात धूर टाकू शकते.

आता तो स्क्रू. कंपनी पंप थोडा राखून लावते, त्यामुळे तो किंचित वाढवला तर थोडी ताकद मिळते हे खरं आहे. पण हवा तीच राहते. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी हातात घेतली नाही तर जे होतं तेच सिलिंडरमध्ये होतं. जास्तीच्या डिझेलपैकी काही जळून ताकद देतं, काही काजळी होऊन बाहेर पडतं, आणि काही उशिरा, पिस्टन खाली जात असताना जळतं. हे उशिरा जळणं सगळ्यात घातक, कारण त्या उष्णतेचं काम होत नाही. ती पिस्टनच्या माथ्यात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्ये आणि हेडमध्ये शिरते. पिस्टन ॲल्युमिनियमचे. एक्झॉस्टच्या तोंडाशी धुराचं तापमान सतत 700 अंशांच्या वर राहू लागलं की त्यांचं आयुष्य मोजायला घ्यावं. म्हणून पंप वाढवण्याआधी मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये तापमानाचा गेज बसवायला सांगेन. ज्या गाडीत तो नाही, तिथे मिस्त्री आणि मालक दोघंही अंदाजावर चालतात.

महिंद्राच्या काही जुन्या जीपांतल्या प्यूजो बनावटीच्या इंजिनांना हे जास्त लागू होतं. त्यांत डिझेल सरळ सिलिंडरमध्ये न पडता हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं आणि जळणं तिथून सुरू होतं. आवाज मऊ येतो, पण त्या कप्प्याच्या भिंतींतून बरीच उष्णता हेडमध्ये आणि पाण्यात जाते. डीआय इंजिनं मात्र थेट सिलिंडरमध्ये फवारतात. ती खडखडतात, पण उष्णता कमी वाया घालवतात. कप्प्याच्या इंजिनात पंप वाढवला की आधी हेडचीच परीक्षा होते.

तर मग हवा वाढवायची कशी? टर्बोने. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. हा दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि इंजिन ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. जुन्या इंजिनाला जपून, 0.5 बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण निम्म्याने जास्त, दाब द्यावा. मग पन्नास टक्के जास्त हवा मिळाली का? नाही, आणि इथेच इंटरकूलरचं महत्त्व कळतं. हवा दाबली की तापते. 35 अंशांची हवा एवढ्या दाबाने 90 अंशांच्या आसपास जाते. गरम हवा फुगते, त्यामुळे प्रत्यक्ष वजनात वाढ सुमारे 27 टक्केच होते. तीच हवा इंटरकूलरमधून नेऊन 50 अंशांवर आणली तर वाढ 40 टक्क्यांपर्यंत जाते. वर जळणाची सुरुवातच थंड हवेने होते म्हणून एक्झॉस्टचं तापमानही उतरतं. टर्बो लावून इंटरकूलर टाळणं ही मला चुकीची काटकसर वाटते, निदान आपल्या हवेत तरी.

टर्बो बसला की पंप वाढवायचा, पण दाब जेवढा तेवढाच. त्यासाठी पंपावर दाबानुसार डिझेल सोडणारं उपकरण असतं. ते नसेल तर टर्बो जागा होण्याआधीच, म्हणजे कमी फेऱ्यांवर, पंप जास्त डिझेल ओततो आणि चढावर उठताना काळा ढग निघतो. टर्बोही छोटा निवडावा. मोठा टर्बो 2500 च्या पुढे मजा देईल, पण आपले रस्ते, वळणं आणि वाड्यांतले चढ 1500 ते 2200 मध्ये चालवायचे असतात. जोर तिथे यायला हवा.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. कंपनीतून टर्बो घेऊन येणाऱ्या इंजिनांत बहुधा पिस्टनच्या पोटावर ऑइलची धार मारणारे जेट असतात, गॅस्केट दणकट असतं, रेडिएटर मोठा असतो. साध्या इंजिनाला नंतर टर्बो लावला की हे काहीच नसतं. म्हणून 0.5 बारची मर्यादा. यूट्यूबवर दीड बारचे आकडे दिसतात ते आतून वेगळ्या बांधणीच्या इंजिनांचे आहेत.

ताकद वाढली की उष्णता वाढतेच. जळलेल्या डिझेलपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद होऊन चाकांकडे जातं, उरलेलं धुरात आणि रेडिएटरच्या पाण्यात. कोकणात रेडिएटर दोन्ही बाजूंनी मार खातो. बाहेरून खाऱ्या हवेने त्याच्या पात्या कुरतडल्या जातात, आतून विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याचा थर चढतो. टर्बोचा खर्च ठरवताना नवा किंवा री-कोअर केलेला रेडिएटर, तपासलेला वॉटर पंप, पंख्याभोवतीचं कव्हर आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट हे त्याच खर्चात धरावं. पुढे इंटरकूलर लावला तर तो रेडिएटरचा वाराही अडवतो, हे लक्षात ठेवायचं. बाजारपेठेतून कासवगतीने जाताना पंखा एकटाच काम करत असतो.

टर्बोची रोजची सवय एवढीच: घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. मिनिट-दोन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवायचं. नाहीतर तापलेल्या दांड्याभोवतीचं ऑइल थांबतं आणि जळून कोळसा होतं. ऑइल बदलायचं अंतरही कमी करायचं.

हवा आत घेणारी नळी कुठे उघडते तेही पाहावं. जुलैत ओहोळावरच्या कॉजवेवरून पाणी वाहत असताना नळी खाली असेल तर इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. टर्बो लावताना बहुतेकदा फिल्टरची जागा बदलते, तेव्हा ती खाली जाऊ देऊ नका.

इंजिनाच्या मागच्या गोष्टींकडे यायला हवं. क्लच प्लेट जुन्या टॉर्कच्या मापाची असते, ती बदलावी लागेल. गिअरबॉक्स आणि अॅक्सल 40 टक्के जास्त जोर बहुधा सोसतील, पण चिखलात चाक अडकलेलं असताना झटका दिला तर अॅक्सल तुटतो. आणि ब्रेक. जीप आता घाट लवकर चढेल आणि त्याच वेगाने उतरावीशी वाटेल. चारही ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या गाडीत हे धोक्याचं आहे. ताकदीवर पैसे खर्च करायच्या आधी ब्रेकवर करा, यात मला तडजोड मान्य नाही.

सीआरडीई गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांत स्क्रू नाही, संगणक ठरवतो. रीमॅप केलं, म्हणजे संगणकातली मापं बदलली, की डिझेल, इंजेक्शनची वेळ आणि टर्बोचा दाब तिन्ही एकत्र बदलता येतात, म्हणून चांगल्या माणसाच्या हातून झालेलं काम जुन्या पंपाच्या तुलनेत सुरक्षित असतं. स्वस्त ट्यूनिंग बॉक्स मात्र सेन्सरचं वाचन खोटं करून संगणकाला फसवतात. ते टाळावेत.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. त्याच मॉडेलचं इंजिन निकामी झालं म्हणून तसंच दुसरं बसवायला आरटीओची परवानगी घेऊन वाट आहे. दुसऱ्याच कंपनीचं मोठं इंजिन बसवायला तशी सरळ वाट नाही. बाहेरून टर्बो लावणंही बदलातच धरलं जाऊ शकतं, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओकडे लेखी विचारावं आणि विमा कंपनीलाही कळवावं. अपघात झाल्यावर दावा नाकारायला त्यांना हे कारण पुरू शकतं.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्या तपासणीत इंजिन नंबर आणि धूर दोन्ही बघितले जातात. बीएस-4 (भारत स्टेज, म्हणजे धुराचे सरकारी निकष) च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराच्या दाटपणाची मर्यादा 2.45 प्रति मीटर आहे, बीएस-4 गाडीला 1.62. नुसता पंप वाढवलेली जीप इथे हमखास अडकते. जुनी, "इंजिन काम केलेली" जीप विकत घेत असाल तर बॉनेट उघडून ब्लॉकवरचा नंबर टॉर्च मारून वाचा आणि आरसीशी अंकन्‌अंक ताडून पाहा. नंबर घासलेला किंवा वेगळा निघाला तर किंमत कितीही चांगली असली तरी व्यवहार तिथेच सोडा.